भाडेकरारातला लॉक-इन पिरियड : थंब (अंगठ्याचा ठसा) देण्याआधी मी काय तपासलं

कोथरूडमधला फ्लॅट २४ महिन्यांसाठी घेतला. भाडं २०,०००, डिपॉझिट ६०,०००. एजंटने पाठवलेल्या ड्राफ्टमध्ये लॉक-इन पिरियड सहा महिने आणि नोटीस पिरियड एक महिना होता. बाकीचा करार भराभर वाचला, पण या दोन कलमांवर मी अडून बसलो. घर सोडताना डिपॉझिट कापलं जातं ते बहुतेक यांच्याच आधारावर.

लॉक-इन म्हणजे तेवढे महिने भाडेकरूने घर सोडायचं नाही आणि मालकानेही खाली करायला सांगायचं नाही. निघायचं तर किती दिवस आधी कळवायचं, ते नोटीस पिरियडमध्ये येतं. गोंधळ होतो तो दोन्ही जिथे जुळतात तिथे. पाचवा महिना संपताना नोटीस देऊन सहावा संपला की निघता येईल, की नोटीसच सातव्या महिन्यात द्यायची? ड्राफ्टमध्ये याबद्दल काहीच नव्हतं, आणि दोन अर्थांमध्ये एका महिन्याच्या भाड्याचा, म्हणजे २०,००० रुपयांचा फरक पडतो. मी ओळ घालून घेतली : ‘नोटीस लॉक-इनच्या काळातही देता येईल, घर मात्र लॉक-इन संपण्याआधी सोडता येणार नाही.’

दुसरा मुद्दा पैशांचा. सर्रास वापरल्या जाणाऱ्या मसुद्यात भाडेकरू आधी गेला तर उरलेल्या लॉक-इनचं सगळं भाडं त्याने द्यायचं असतं. मालकाने मध्येच घर खाली करून घेतलं तर मात्र ‘नुकसानभरपाई’ एवढंच लिहिलेलं असतं, आकडा नाही. बंधन दोघांवर आहे तर आकडाही दोघांना हवा. मी मालकांना म्हटलं, ‘काका, मी आधी गेलो तर एक महिन्याचं भाडं कापा, तुम्ही उठवलंत तर तेवढंच मला द्या.’ ते त्यांना पटलं. नोकरीत बदली झाली तर ही रक्कम लागू नाही, हेही लेखी घेतलं.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. मिळते ती त्या मर्यादेतली वाजवी भरपाई. चार महिने उरले असताना तुम्ही निघालात आणि लगेच नवा भाडेकरू आला, तर पूर्ण ८०,००० ची मागणी कोर्टात टिकेलच असं नाही. पण डिपॉझिट मालकाच्या हातात असतं, आणि त्यासाठी कोर्टाची पायरी चढायची वेळ भाडेकरूवर येते. म्हणून आकडा आधीच छोटा आणि स्पष्ट करून घेणं मला जास्त कामाचं वाटतं.

‘अकरा महिन्यांचा करार नोटरी केला की झालं’ हे महाराष्ट्रात चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्स करार (म्हणजे आपला नेहमीचा घरभाड्याचा करार), मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृत लागतो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं.

स्टॅम्प ड्युटी ०.२५ टक्के. आमचं गणित : २४ महिन्यांचं भाडं ४,८०,०००, अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून दोन वर्षांचं व्याज १२,०००, एकूण ४,९२,०००. त्यावर ड्युटी १,२३०. शहरात नोंदणी फी १,०००. सरकारी नोंदणी पोर्टलची हाताळणी फी आणि एजंटचे पैसे वेगळे.

ऑनलाइन नोंदणीसाठी एजंट थंब मशीन आणि वेबकॅम घेऊन घरी येतो. मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार, सगळ्यांचं आधार जुळावं लागतं. वयस्कर माणसांच्या बोटांचे ठसे पुसट झालेले असतात. हात धुऊन, कोरडे करून दुसरं बोट लावून पाहावं. त्याआधी लॅपटॉपवरचा शेवटचा ड्राफ्ट उघडायला सांगाच. व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलेले बदल पोर्टलवर चढवायचे राहून जातात. मी लॉक-इनचे महिने, नोटीस आणि मी घालून घेतलेली ओळ, तिन्ही तिथेच वाचली. नोंदणीनंतर काही बदलायचं तर चूकदुरुस्ती पत्र करून पुन्हा नोंदणी करावी लागते.

मंजुरी आल्यावर नोंदलेला करार आणि इंडेक्स टू (नोंदणीचा सारांश) दोन्ही डाउनलोड करून ठेवले. भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन द्यायची असते. कोथरूडसाठी पुणे शहर पोलिसांकडे, हिंजवडीत घर असेल तर पिंपरी-चिंचवड पोलिसांकडे. आणि मुदत संपल्यावर करार पुन्हा कराल तेव्हा लॉक-इनच्या जागी शून्य लिहून घ्या. जुना ड्राफ्ट तसाच उचलला की सहा महिने नव्याने सुरू होतात.