आमची वाटचाल : पाच स्पीकरांवरून दोनांवर

पुण्याच्या तापकीर गल्लीत नव्वदच्या दशकात आम्ही अ‍ॅम्प्लिफायर आणि कॅसेट डेक दुरुस्तीचे छोटे दुकान थाटले, तेव्हा घरी गाणे ऐकायचे म्हणजे दोन स्पीकर, यापलीकडे विचार करण्याची गरज कोणाला भासत नव्हती. डीव्हीडी आली आणि पाच स्पीकर (तीन समोर, दोन मागे) व एक सबवूफर, म्हणजे फक्त खर्जाचे आवाज देणारा स्पीकर, अशा 5.1 संचाची मागणी वाढली. आम्हीही, खरे सांगायचे तर नफा बघून, 'तुम्ही घरी ऐकता काय' असे गिऱ्हाइकाला न विचारता संच विकत राहिलो.

त्या दिवसांत पं. भीमसेन जोशी यांच्या ध्वनिमुद्रणांचा मोठा संग्रह असलेले एक निवृत्त प्राध्यापक दुकानात आले आणि म्हणाले, "अहो, पंडितजी समोर बसून गातात आणि तानपुरा माझ्या मानेमागे वाजतो, हे काय प्रकरण आहे?" घरी जाऊन पाहिले, तर रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज पुरवणारा अ‍ॅम्प्लिफायर, डावा आणि उजवा अशा दोनच चॅनलच्या ध्वनिमुद्रणातून मागच्या स्पीकरांसाठी आवाज स्वतःच घडवत होता आणि ते स्पीकर आम्हीच कपाटावर चढवलेले होते. रिसीव्हर स्टिरिओवर, म्हणजे फक्त डाव्या-उजव्या दोन स्पीकरांवर आणला, पुढचे दोन स्पीकर भिंतीपासून दीड फूट ओढून घेतले आणि दोन स्पीकर व ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण होईल अशी खुर्ची मांडली. गायक बरोबर मधोमध, जिथे स्पीकर नव्हताच, तिथे येऊन बसला. प्राध्यापकांनी आम्हाला चहा दिला आणि उरलेले तीन स्पीकर परत न्यायला सांगितले.

दोन कानांपर्यंत पोहोचणाऱ्या आवाजांतील सूक्ष्म फरकांवरून मेंदू दिशा ठरवतो आणि अ‍ॅलन ब्लमलाइन या इंग्लिश अभियंत्याने 1931 मध्ये स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला तो याच आधारावर, हे आम्ही त्यानंतर नीट वाचून काढले. मग मात्र आमचे लंबक दुसऱ्या टोकाला गेले आणि आम्ही सर्वांनाच दोन स्पीकर सुचवू लागलो. चित्रपटांची आवड असलेल्या एका पाच जणांच्या कुटुंबाने आमची ही चूक दाखवून दिली : सोफ्याच्या कडेला बसणाऱ्यांना संवाद पडद्यावरून न येता जवळच्या स्पीकरमधून येतात असे वाटे, कारण ज्या स्पीकरचा आवाज आधी पोहोचतो त्याच्यावर कान विश्वास ठेवतो. संवाद पडद्यापाशी बांधून ठेवायला मधला स्पीकरच लागतो.

आता आम्ही मोजायची टेप घेऊन आधी घर पाहतो. मागचे स्पीकर समोरच्या मध्यरेषेपासून 100 ते 120 अंशांवर ठेवायला जागा नसेल आणि ऐकण्यात गाणेच मुख्य असेल, तर सगळे पैसे दोन स्पीकरांत घालावेत, असे आमचे मत आहे. सबवूफरबाबत अधिक सावध राहावे लागते, कारण दहा फूट रुंदीच्या खोलीत साधारण 56 हर्ट्झचा खर्जातला स्वर भिंतींमध्ये घुमतो आणि तबल्याचा बायाँ ढोलासारखा ऐकू येतो. अलीकडे छतावरच्या स्पीकरांचीही विचारणा होते. तिथे पहिला प्रश्न पंख्याचा येतो, आणि पंखा हलवायला घरातले तयार झाल्याचे आम्ही अजून पाहिलेले नाही.