आधी गाव वाचा

अमेरिकेची जुनी नॅशनल बँक नोट हातात आली की आकड्याकडे कशाला बघायचं? आधी गाव वाचावं. १८६३ ते १९३५ या काळात तिथल्या बारा हजारांहून अधिक बँकांनी स्वतःच्या आणि आपल्या गावाच्या नावाच्या नोटा काढल्या. बँकेनं सरकारी रोखे तारण ठेवायचे आणि कॅशियर नि प्रेसिडेंटच्या सह्यांनी नोट बाजारात सोडायची. न्यूयॉर्कच्या बड्या बँकेची १९२९ मालिकेतली दहाची मळकी नोट आजही शंभर डॉलरच्या आत मिळते. तशीच अलास्कातली निघाली, तर भाव हजारांत.

बँकेनं छापल्या किती, यावर मात्र भुलू नये. सरकारकडे परत गेलेल्या नोटा नष्ट होत; उरल्या किती, यावर भाव ठरतो. कुणाच्या कपाटातून अचानक गठ्ठा निघाला की दुर्मीळ गावाचाही भाव उतरतो.

१९२९ मालिकेत दोन प्रकार आहेत. पहिल्यात बँकेचा चार्टर क्रमांक, म्हणजे सरकारी परवान्याचा क्रमांक, फक्त काळ्या शाईत, दोनदा. दुसऱ्यात तोच तपकिरी शाईत अनुक्रमांकाशेजारी आणखी दोनदा येतो. पहिल्या प्रकारात छपाईच्या एका शीटवरच्या सहाही नोटांना एकच अनुक्रमांक असे, आरंभीचं अक्षर तेवढं ए ते एफ बदलायचं. दुसरा प्रकार १९३३ ते १९३५ एवढाच चालला, त्यामुळे बऱ्याच बँकांच्या बाबतीत तो कमी सापडतो.

त्याआधीच्या मोठ्या आकाराच्या नोटांवर सह्या बहुधा पेनानं किंवा रबरी शिक्क्यानं होत, आणि ती शाई उडते. मग एखादा शहाणा ती गिरवून ठेवतो. भिंगाखाली चोरी कळते: जुनी शाई घडीपाशी कागदाबरोबर तुटलेली असते, नवी घडीच्या चिरेत उतरून पसरलेली.

याहून वाईट खोड म्हणजे नोट धुऊन इस्त्री करणं. मळ जातो, घडी सपाट होते, पण कागदाचा करकरीतपणा आणि छपाईचा उठाव दोन्ही जातात. दिवा तिरपा धरा. घडीच्या जागी तुटलेले तंतू दिसतातच. टाचणीची भोकं बघायला नोट उजेडासमोर धरावी. कडा चारही बाजूंनी मोजाव्यात, कारण फाटका काठ कापून सरळ केलेली नोट वरवर बघता अगदी नवी वाटते. साठवायला पीव्हीसीचं पाकीट नको, ते कालांतरानं चिकट होऊन नोटेला धरतं, पॉलिएस्टरचं घ्यावं. आणि मळकी नोट मळकीच राहू द्यावी.