ग्रॅमीची दुपारची बॅच

ग्रॅमी, ते अमेरिकेतलं संगीताच्या पुरस्कारांचं फंक्शन, आपल्याकडे सोमवारी सकाळी साडेसहाला सुरू होतं, म्हणजे तिकडे लॉस एंजेलिसला रविवारची संध्याकाळ आणि सगळे नटूनथटून बसलेले, आणि इकडे कुकरच्या शिट्ट्या, डब्याची भाजी, पाणी जायच्या आत बादल्या भरणं आणि लोकल. तरी मी बघते. गाणी अर्धी डोक्यावरून जातात, पण विजेत्याचं नाव पुकारलं की बाकीचे जे टाळ्या वाजवत हसतात ना, जबडा दुखेपर्यंत, ते बघायला मला जाम आवडतं. ॲक्टिंगचं बक्षीस खरं तर त्यांना द्यायला हवं.

२०२४ ला आईपण माझ्यासोबत बसली. चहाचा कप घेऊन, चष्मा लावून. "आपल्या झाकीरचं कधी आहे गं?" म्हटलं बघते, तर फोनवर कळलं की झालंसुद्धा! रात्री आपण घोरत होतो तेव्हाच. त्या वर्षी एकूण ९४ पुरस्कार होते आणि त्यातले टीव्हीवर जेमतेम दहाएक, बाकी सगळे आधीच दुपारी शेजारच्या थिएटरात वाटून मोकळे, ज्याला बघायचंय त्याने इंटरनेटवर बघा. शाळेच्या गॅदरिंगला प्रमुख पाहुणे यायच्या आत चित्रकला आणि रांगोळीची बक्षिसं पटापट उरकायचे ना, सेम तेच.

आणि त्या दुपारच्या बॅचमध्ये कोण कोण होतं बघा. झाकीर हुसेन, एका दिवसात तीन ग्रॅमी. राकेश चौरसियांची बासरी, दोन. झाकीरभाईंच्या 'शक्ती' बँडच्या अल्बमला एक, त्यात शंकर महादेवन, त्यांनी स्टेजवरून ते बायकोला अर्पण केलं. झाकीरभाई माहीमचे, शंकर चेंबूरचे, म्हणजे हार्बर लाइननेच तिकडे मैदान मारलं होतं आणि हे आम्हाला कळलं कुठे, तर बातम्यांत. झाकीरभाईंच्या त्या तीनपैकी एक 'पश्तो'ला होतं, हा सात मात्रांचा ताल आहे म्हटल्यावर आईने लगेच टेबलावर बोटं मोजायला घेतली, तिच्या क्लासच्या दिवसांपासूनची सवय. तोपर्यंत चहा गार.

टीव्हीवर मात्र टेलर स्विफ्टला चौथ्यांदा अल्बम ऑफ द इयर, जे आधी कोणालाच जमलं नव्हतं, आणि द्यायला सेलीन डिऑन आली, आजारपणातून उठून. ते बघून मला पण भरून आलं, उगाच खोटं कशाला बोलू. ट्रेसी चॅपमन गिटार घेऊन उभी राहिली तेव्हा तर मी भाजी परतायचीच विसरले.

ती बाहुली असते ना सोनेरी, ग्रामोफोनची, ती अजून हाताने बनवतात म्हणे, कोलोराडोत. आणि स्टेजवर हातात देतात ती नुसती दाखवायची, नाव कोरलेली खरी नंतर घरी येते. ग्रामोफोन आता चोर बाजारात मटन स्ट्रीटवर बघायचा, तिथेसुद्धा लोक वाजवायला कमी आणि सेल्फी काढायलाच जास्त थांबतात.

मला विचाराल तर दुपारचाच प्रोग्रॅम बरा. ना आतषबाजी, ना मध्ये मध्ये जाहिराती. लोक नाव ऐकून खरोखर दचकतात, धडपडत स्टेजवर जातात, गुरूचं नाव घेतात. पण चॅनेलवाल्यांना त्यात काय मिळणार, त्यांचंही पोट आहे.

१५ डिसेंबर २०२४ ला झाकीरभाई गेले. पुढच्या फेब्रुवारीत ग्रॅमीच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात गेलेल्या कलाकारांना श्रद्धांजली होती, एकेक फोटो, मागे संगीत. आई पदराने चष्मा पुसून सरसावून बसली. फोटो संपले, त्यांचं नाव नाहीच. मी भडकले, मोबाइलवर तावातावाने काहीतरी टाइप करत सुटले.

आई म्हणाली, "अगं, दुपारी घेतलं असेल."