ड्रंक अँड ड्राइव्हची पहिली केस

शनिवार, रात्री उशिरा

माझ्या भाच्यावर, विजूवर, दारू पिऊन गाडी चालवल्याची केस झाल्यापासून घरात एकच पालुपद चाललंय, "पहिलीच वेळ आहे, दहा हजार भरायचे आणि मोकळं व्हायचं." दादा तेच म्हणतो, वहिनीही तेच. शेजारच्या काकांनी तर "कुणाला फोन लावू का?" म्हणून विचारलं. मला हे ऐकवत नाही. सिग्नल तोडल्याची पावती वेगळी आणि हे वेगळं.

संध्याकाळी विजूने पोलिसांच्या फुंकायच्या मशीनची पावती माझ्या हातात दिली. पाकिटात राहून घामाने अक्षरं पुसट झालीत, पण रीडिंग नीट वाचता येतं: 84. "आत्ती, दोनच बियर घेतल्या होत्या गं," म्हणाला. कायद्याला बाटल्यांशी देणंघेणं नाही. 100 मिलिलीटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं की मोटार वाहन कायद्याचं कलम 185 लागतं. पहिल्या गुन्ह्याला 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. 2019 च्या दुरुस्तीआधी दंड 2,000 पर्यंत होता, त्यामुळे जुनी माणसं अजून ते किरकोळ धरतात. हा दंड चौकात भरून मिटत नाही. केस कोर्टात जाते, म्हणजे कोल्हापुरात कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात तारखेला उभं राहावं लागतं.

आणि तिथे "गुन्हा कबूल" म्हणून दंड भरला की तो दोषी ठरला. घरच्यांच्या डोक्यात नेमकं हेच शिरत नाही. पुन्हा सापडला तर तो दुसरा गुन्हा: 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 दंड, किंवा दोन्ही. उद्या कुठल्या नोकरीच्या फॉर्मवर शिक्षा झाली आहे का असं विचारलं, तर खरं उत्तर "हो" असेल. कबूल करायचं की नाही हे त्याने वकिलांशी बोलून ठरवावं, ओट्यावरच्या गप्पांत नव्हे.

त्याचा मित्र म्हणे, "फुंकायलाच नको होतंस." हा सल्ला तर सगळ्यात घातक. नकार दिला आणि दारूचा संशय असला तर पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. अटकेनंतर दोन तासांत डॉक्टरी तपासणी व्हावी लागते, नाहीतर सोडावं लागतं. पण विनाकारण दिलेला नकार कोर्टात त्याच्याच विरुद्ध धरता येतो.

मला खरी काळजी लायसन्सची आहे. सुप्रीम कोर्टाच्या रस्ता सुरक्षा समितीने 2015 मध्येच राज्यांना सांगितलं होतं की दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याचं लायसन्स किमान 3 महिने निलंबित करा. विजू एमआर आहे, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी. गडहिंग्लज, आजरा, चंदगड, सगळे डॉक्टर बाइकवरून गाठतो. निलंबनाच्या काळात गाडी चालवताना सापडला तर त्याची आणखी वेगळी केस. वहिनीला हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा गप्प झाली.

त्या रात्री कुणाला धडक बसली असती तर? विमा कंपनी त्याच्या गाडीचा क्लेम नाकारू शकली असती, आणि समोरच्याला द्यावी लागलेली भरपाई पुढे त्याच्याकडूनच वसूल करण्याची वेळ आली असती. माणूस गेला असता तर दंडाची भाषाच उरली नसती, मग सदोष मनुष्यवधापर्यंत गोष्ट जाते. तावडे हॉटेलपाशी हायवेला लागायच्या आत पोलिसांनी अडवलं हे फार बरं झालं. दादाला राग आला, तरी मी हे त्याच्या तोंडावर बोलले.

ओळखीच्या माणसाला फोन लावायचा नाही, हे मी बजावून ठेवलंय. सोमवारी वकिलांकडे मी त्याच्यासोबत जाणार. केसच्या कागदांची प्रत घ्यायची, रीडिंगची पावती पुसून जायच्या आत झेरॉक्स काढून ठेवायची, आणि लायसन्सबद्दल आरटीओची नोटीस आली तर उत्तर कधीपर्यंत द्यायचं ते विचारायचं. परतताना सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, उतरून गडहिंग्लजच्या एसटीच्या वेळाही लिहून आणायच्या.