प्रिंटवही ९ : उजव्या खालच्या कोपऱ्यातला डाग

मायग्रंट मदरच्या प्रिंटवरचा डाग सापडला. म्हणजे दिसत तो पहिल्या दिवसापासून होता, पण कसला आहे ते परवा रात्री कळलं. तेव्हापासून माझे फोटो छापून देणाऱ्या लॅबवाल्या दादांना कुठल्या तोंडाने फोन करायचा, या विचारात होते.

मागच्या नोंदीत वॉकर एव्हान्स या अमेरिकन छायाचित्रकाराच्या ॲली मे बरोजबाईंच्या फोटोवर चढलेली हिरवट झाक एकदाची गेल्याचं सांगितलं होतं. प्रिंटरचा ॲडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट मोड सुचवणाऱ्यांना पुन्हा एकदा धन्यवाद, आता ट्यूबलाइटखालीही बाई राखाडीच दिसतात. त्या आनंदात पुढचं पाऊल म्हणून छायाचित्रकार डोरोथिया लँग यांची मायग्रंट मदर, म्हणजे मुलांना घेऊन तंबूत बसलेल्या मजूर आईचा फोटो, करायला घेतली. हो, माहितेय, घासून घासून गुळगुळीत झालेला फोटो आहे. पण फ्रेमसकट तीन हजारांच्या आत ही आपली अट, आणि त्या अटीत बसणारा यापेक्षा मोठा फोटो मला तरी माहीत नाही. लँगबाईंच्याच १९३३ च्या ब्रेडलाइनचं (फुकट अन्नाच्या रांगेचा फोटो) जुनं प्रिंट २००५ साली लिलावात आठ लाख डॉलरच्या वर गेलं होतं. तो फोटो लँगबाई अमेरिकन सरकारच्या फोटो विभागात लागण्याआधीचा. मायग्रंट मदर मात्र मार्च १९३६ ची, पगारी कामातली, म्हणजे अमेरिकन सरकारची, म्हणजे कॉपीराइट नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवरून मोठी टिफ फाइल फुकट उतरवायची आणि चांगल्या कागदावर छापून घ्यायची. लायब्ररी स्वतःही प्रिंट करून देते, पण वॉशिंग्टनहून कोल्हापूरपर्यंतचं टपाल धरलं की आपली अट मोडते.

तर पहिलं प्रिंट जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून ट्यूबमधून आलं. बारा बाय पंधरा इंच, हानेम्यूलं फोटो रॅग ३०८ हा कॉटनचा कागद. ट्यूब भिजलेली, आतलं प्रिंट कोरडं. दादा प्लॅस्टिकचे दोन थर गुंडाळतात, त्याबद्दल त्यांना पैकीच्या पैकी मार्क. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, बाहीचा फाटका काठ, मांडीवरच्या बाळाचा मळका गाल, सगळं मनासारखं. आणि उजवीकडे खाली, जिथे तंबूचा दांडा चौकटीच्या पुढ्यात येतो, तिथे एक धुरकट चट्टा. कुणी ओल्या बोटाने शाई पुसून घ्यावी तसा. भिंगाखाली धरला तर शाईचे ठिपके आजूबाजूसारखेच, फिसकटलेले नाहीत. तिथेच खरं तर थांबायला हवं होतं.

मी थांबले नाही. माझं निदान तयार होतं: हेड स्ट्राइक. पावसाळ्यात कॉटनचा कागद ओल धरतो, कोपरे वर येतात, आणि प्रिंटरचं हेड जाता जाता कोपरा घासून जातं. कोपरा, जुलै, कॉटन, सगळं जुळत होतं. दादांना फोटो पाठवला. त्यांनी वाद घातला नाही, प्लॅटन गॅप, म्हणजे हेड आणि कागदातलं अंतर, वाढवला, कागद रात्रभर डीह्युमिडिफायरच्या खोलीत ठेवला आणि दुसरं प्रिंट स्वतःच्या खर्चाने पाठवलं.

चट्टा तसाच. जागाही तीच, अगदी केसाएवढाही फरक नाही. घासणारं हेड दोनदा मिलिमीटरच्या हिशोबाने त्याच जागी कसं घासेल, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण मी प्रिंटरच्या रंगांच्या प्रोफाइलवर घसरले. मग कागदावर. फोन असा झाला:

“ताई, कागद बदलून बघू या का? बरायटा कागद घ्या.”

“बरायटावर चमक येते हो दादा.”

“येऊ दे, पण डाग कागदाचा आहे का ते तरी कळेल.”

बरायटावर काळा जास्त खोल जातो, त्यामुळे दांड्याच्या गडद भागात तो चट्टा आणखीच उठून दिसला. तिसरं प्रिंट, अठराशे रुपये, हे मात्र माझ्या खिशातून. रागाने फाइल उघडली, दोनशे टक्क्यांवर नेली, आणि बघते तर चट्टा फाइलमध्येच! माझ्या लॅपटॉपचा पडदा सावल्या गिळतो, म्हणून आधी दिसला नव्हता. त्यात प्रिंटमध्ये सावल्या बुजू नयेत म्हणून कर्व्ह, म्हणजे उजेड-सावलीचा आलेख, मीच उचलला होता. मूळ फाइलमध्ये जे जेमतेम होतं ते मी स्वतःच्या हाताने उजेडात आणलं आणि तीन आठवडे दुसऱ्याला धारेवर धरलं.

आता संशय स्कॅनवर. लायब्ररीच्या या संग्रहातली काही जुनी स्कॅन थेट निगेटिव्हवरून नाहीत, मधल्या कॉपी फिल्मवरून केलेली आहेत, त्यामुळे धूळ आणि ओरखडे आपल्याला नवे नाहीत. म्हटलं, हीलिंग ब्रश घ्यायचा आणि दोन मिनिटांत चट्टा पुसायचा. ब्रशचा आकार ठरवत होते, पहिलं प्रिंट शेजारी टेबलावर, आणि सासूबाई समोर लसूण सोलत बसलेल्या.

“ही बाई कोण गं?”

“अमेरिकेतली आहे आई. वाटाणे तोडायला आलेली. पीक गारठ्याने गेलं, मग तिथेच तंबूत अडकली.”

त्यांनी चष्मा वर-खाली करत बघितलं. “आणि हा दांडा कुणी धरलाय?”

“कुणीच नाही.”

“अगं, अंगठा दिसतोय की.”

मी ब्रश ठेवला. चट्टा नव्हताच तो. नखाची गोलाई, खाली पेराची जाड बाजू, तंबूचा दांडा पकडलेला एक अंगठा. धुकट, पण अंगठाच. एकदा दिसल्यावर आता तो मला दुसरं काही दिसूच देत नाही.

मग रात्री दीडपर्यंत वाचत बसले. तुमच्यातल्या जुन्या खोडांना हे माहीत असेल, मग कुणी बोललं का नाही? मूळ निगेटिव्हवर तो अंगठा ठळक आहे. लँगबाईंना तो रचनेत खुपायचा, म्हणून पुढे काही वर्षांनी त्यांनी निगेटिव्हवरच तो रिटच करवून घेतला. काम पूर्ण साधलं नाही, भूत राहिलं. सगळीकडे फिरणारी फाइल या पुसलेल्या निगेटिव्हचीच. म्हणजे मी ब्रश चालवला असता तर त्यांचं अर्धवट राहिलेलं काम इतक्या वर्षांनी मी पुरं केलं असतं!

खरी गंमत रॉय स्ट्रायकर यांची. हे त्या सरकारी फोटो विभागाचे प्रमुख. अंगठा पुसल्याचं कळल्यावर ते चिडले, दस्तऐवजात हात घातला म्हणून. आणि हेच स्ट्रायकर नापसंत निगेटिव्हना पंच मशीनने भोक पाडायचे. एव्हान्स असो की आणखी कुणी, कुणाचाही मुलाहिजा नाही. अंगठा पुसणं पाप आणि अख्ख्या निगेटिव्हच्या मधोमध भोक पाडणं संपादन? माझं मत लँगबाईंच्या बाजूने झुकतंय, जरी अंगठा असलेलाच फोटो मला जास्त आवडतो. दांडा कुणीतरी धरलाय म्हटलं की तंबू खरा वाटतो. नुसता चेहरा राहिला की देवघरातली तसबीर होते.

जिचा चेहरा आहे त्या फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन तेव्हा ३२ वर्षांच्या होत्या. लँगबाईंनी पाच-सहा फोटो काढले, नाव विचारलं नाही. ते जगाला कळलं १९७८ साली. फोटोचा एक पैसाही थॉम्पसनबाईंना मिळाला नाही. ऑनलाइन दुकानांत हाच फोटो रंगवून, कॅनव्हासवर, पाच-सहा हजारांना विकतात ते बघितलं की माझं डोकं फिरतं. फाइल फुकट आहे, लोकहो. पैसे द्यायचेच तर कागदाचे आणि छापणाऱ्याचे द्या.

तर नवा बेत. अंगठा पुसण्याआधी केलेलं एक जुनं प्रिंट लायब्ररीकडे आहे, त्याचं स्कॅनही उतरवता येतं. उतरवलं. पण हे प्रिंटचं स्कॅन, निगेटिव्हचं नाही. सावल्यांत माल कमी, त्यामुळे आधीचा कर्व्ह लावला तर सगळं पिठूळ होतं. दोन संध्याकाळी घालवून कर्व्ह जवळजवळ सरळ ठेवला, फक्त बाहीच्या भागाला थोडा उठाव दिला. छोटी पट्टी छापून मागवणार आहे, पूर्ण प्रिंट नाही. एवढी अक्कल आली.

मधल्या काळात एक काम मात्र पहिल्या फटक्यात जमलं: त्याच विभागाचे जॅक डेलानो यांचं प्रोव्हायसो रेल्वे यार्ड, १९४२ चा कोडाक्रोम, म्हणजे रंगीत फिल्मवरचा फोटो. त्यातल्या लाल रंगाला हात लावला नाही, जसा आला तसा छापला. जेवणाच्या टेबलासमोर लावलाय आणि घास घेता घेता बघते.

हे लिहिता लिहिता दुसरंच सुचतंय. दोन मायग्रंट मदर शेजारीशेजारी लावायच्या असं ठरत होतं, अंगठ्यासह आणि भुतासह. पण त्यापेक्षा एक अंगठ्याची आणि शेजारी स्ट्रायकरांनी भोक पाडलेलं एखादं निगेटिव्ह लावलं तर? ही निगेटिव्हं स्कॅन झालेली आहेत. भोकातून उजेड आरपार जातो, म्हणून प्रिंटमध्ये तिथे कुळकुळीत काळा गोळा येतो, कुणाच्या तोंडावर, कुणाच्या शेतात. बहुतेकांना शीर्षक नाही, नुसतं ‘कदाचित अमुकशी संबंधित’ असं लिहिलेलं. काल तासभर चाळली. एव्हान्सचं एक निवडून ठेवलंय. त्या गोळ्यासाठी फोटो रॅग नको, बरायटाच हवा, काळा तिथे खरा काळा येतो. तिसऱ्या प्रिंटचे अठराशे असे वसूल होणार.

दादांना शेवटी फोन केलाच नाही, मेसेज केला. सगळी हकिगत, माफी, दुसऱ्या प्रिंटचे पैसे, आणि दोन नव्या फाइली. एव्हान्सच्या फाइलबरोबर ठळक अक्षरांत सूचना: काळा गोळा मूळचाच आहे, साफ करू नये. उत्तरादाखल अंगठ्याचा इमोजी आला. मुद्दाम की सवयीने, कळायला मार्ग नाही.

पट्टी पुढच्या आठवड्यात येईल. तोवर एक विचारायचंय: कोल्हापूर-सांगलीकडे ॲसिड-फ्री माउंटबोर्ड (फ्रेममधला फोटोभोवतीचा पुठ्ठा) कुणाकडे मिळतो? माझे फ्रेमवाले काका ‘ॲसिड-फ्री’ म्हणून जो देतात, त्याचा कापलेला काठ दोन पावसाळ्यांत पिवळा पडलाय. ॲली मेबाई त्यातच आहेत, त्यांना आधी बाहेर काढायला हवं.