खुर्चीच्या या बाजूची धडधड

दंतवैद्याच्या खुर्चीवर बसलेल्या रुग्णाच्या भीतीविषयी सगळेच बोलतात. शेजारच्या स्टुलावर बसणाऱ्याच्या मनःस्थितीची विचारपूस क्वचितच होते. माझ्यासाठी सर्वांत कठीण काम म्हणजे खालच्या दाढेचे रूट कॅनाल. आतली नस फार सुजलेली असली की लिग्नोकेन या भुलीच्या औषधाचे इंजेक्शन नेमक्या जागी देऊनही दाढ कधीकधी पुरती बधिर होत नाही, आणि ड्रिल लागताच रुग्ण कळवळतो, तेव्हा त्याची वेदना, बाहेर ताटकळलेली माणसे आणि स्वतःवरची चीड हे सारे मला एकाच वेळी गिळावे लागते, कारण तो पूर्ण शुद्धीवर असतो आणि माझा चेहरा वाचत असतो. (मास्कचे तेवढे उपकार आहेत.) अशा वेळी मी ड्रिल खाली ठेवते, 'दुखलं की डावा हात वर करा' असे सांगते, आणि पुन्हा भूल देऊन ती चढेपर्यंतची 5 मिनिटे मुद्दाम काहीही करत नाही. ती रुग्णासाठी आहेत असे मी म्हणते. खरे तर निम्मी माझ्यासाठी असतात. लहान मुलांच्या रडण्याची आता सवय झाली आहे. त्यांच्या आईवडिलांच्या रागाची मात्र अजून झालेली नाही, आणि त्यावर दंतवैद्यच असलेल्या मैत्रिणीला रात्री फोन करण्यापलीकडे मला उपाय सापडलेला नाही.