कालनिर्णयवरचा ‘खं.’

आमच्याकडे फ्रिजशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं आणि त्याच्या चौकोनांत घराचा सगळा हिशोब असतो. दूध दीड लिटर, सिलिंडर आला, मावशींचा खाडा. गेल्या पावसाळ्यात त्यात एक नवीन नोंद सुरू झाली: ‘खं.’ म्हणजे खंडूने, आमच्या ४ वर्षांच्या बोक्याने, त्याची वाळूची पेटी सोडून भलतीकडे शू केली.

पहिला ‘खं.’ पडला तो सासूबाईंच्या गोधडीवर. त्यांच्या आईच्या नऊवारीची शिवलेली, मऊसूत. मग माझी उशी, इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठा, पायपुसणं. डोंबिवलीतलं वन बीएचके, बाहेर पाऊस, आत न वाळलेले कपडे आणि वर हा वास. सासूबाई म्हणाल्या, “मासळी बाजारात सोडून ये, सुखात राहील.” नवऱ्याच्या मते आपण ४ दिवस गावाला गेलो त्याचा तो सूड घेत होता. मलाही ते पटलं होतं. एकदा तर त्याला उचलून ओल्या गादीपाशी नेलं आणि चांगली रागावले. तो सोफ्याखाली गेला तो रात्रीच बाहेर आला. आता आठवलं की कसंसंच होतं.

जवळच्या दवाखान्यात लघवी न तपासताच अँटिबायोटिकचं इंजेक्शन मिळालं. “नसबंदी झालीय ना? मग सवयच आहे, जाईल.” १५ दिवसांत काही गेली नाही. शेवटी मैत्रिणीने ठाण्याच्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं. रविवारी खंडू टोपलीत, टोपली मांडीवर, स्लो लोकल. कळवा येईपर्यंत डब्यातल्या बायकांना त्याची अख्खी कुंडली पाठ झाली होती.

बाईंनी त्याला हात लावण्याआधी मलाच प्रश्न विचारले. उभं राहून शेपटी थरथरवत भिंतीवर उडवतो, की बसून करतो? बसून. म्हणजे हद्द आखणं नव्हे. दिवसातून कितीदा जातो? थेंब थेंब होते का? मला सांगता येईना. आपण नुसते डाग मोजत होतो हे तिथे कळलं.

सोनोग्राफीत बघून त्यांनी सुईने लघवी काढली. रक्त होतं, जंतू नव्हते. तरण्या मांजरांत जंतुसंसर्ग तसा कमीच, म्हणाल्या. बहुतेकदा मूत्राशयाला सूज येते, नेमकं कारण सापडत नाही, पण ताणाने ती वाढते. “पेटीत बसलं की दुखतं, म्हणून पेटीच वाईट, असं त्याने ठरवलंय. मग मऊ जागा शोधतो.” आणि दोनदा बजावलं, की बोका सारखा कुंथतोय आणि शू होतच नाहीये असं दिसलं, तर सकाळची वाट बघायची नाही. मार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं.

मग म्हणाल्या, “कधी, कुठे, काही लिहून ठेवलंय?” मी मोबाईलमधले कालनिर्णयचे फोटो काढले. त्या बराच वेळ बोटाने मोठं करकरून बघत बसल्या.

“हे ‘खाडा’ काय आहे?”

कामाच्या मावशी आल्या नाहीत तो दिवस. त्यांनी बोट ठेवून दाखवलं. खाड्याच्या दिवशी ‘खं.’ नाही. गणपतीला मावशी ५ दिवस गावी होत्या, ते पाचही चौकोन कोरे.

“मावशी लादी कशाने पुसतात?”

फिनाईलने. पावसाळी कुबट वास नको म्हणून जुलैत काळ्या फिनाईलचा ५ लिटरचा कॅन मीच आणला होता. बाल्कनीत पेटीभोवती तर मावशी दुप्पट टाकायच्या, तिथे वास म्हणून. त्यातलं फिनॉल मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाही. मांजर लादीवरून चालतं, पंजे चाटतं आणि ते पोटात जातं. म्हणजे मी मांजराच्या संडासाला विषाचं कुंपण घातलं होतं आणि वर त्यालाच रागवत होते.

वेदनाशामक काही दिवस, कोरड्या खाण्याऐवजी ओलं. पेटीचं झाकण काढलं, लॅव्हेंडरच्या वासाची वाळू फेकली. त्या पेटीत त्याला धड वळताही येत नव्हतं, म्हणून प्लॅस्टिकची दोन मोठी घमेली आणली, मांजरं जितकी त्याहून एक जास्त या हिशोबाने. दुसरं हॉलमध्ये, टीव्हीखाली. त्यावरून सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. गादीसाठी एन्झाइमचं द्रावण आणलं, कारण साबणाने आपल्या नाकाला वास जातो, मांजराच्या नाही, आणि हवा दमट झाली की तो परत उठतो. गोधडीला ते दोनदा लावावं लागलं.

नंतर दोनच ‘खं.’ पडले, दोन्ही पहिल्या आठवड्यात. मावशींची कुरकुर मात्र चालू आहे. नुसत्या साबणाच्या पाण्याने पुसलं की लादी पुसल्यासारखी वाटत नाही म्हणे.

परवा दूध लिहायला गेले तर चौकोनात सासूबाईंचं अक्षर: ‘खं. – घमेल्यात. दोनदा.’